पुवाचा नमुना काय सांगतो? : पुंजगोलाणू आणि निष्प्रभ होत चाललेली प्रतिजैविके

शस्त्रक्रिया निर्वेध पार पडते, टाके सुबक पडतात, आणि पाचव्या दिवशी जखमेच्या कडा लाल होऊन टाक्यांतून पू डोकावू लागतो. रुग्णालयात काम करणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. एके काळी अशा वेळी पेनिसिलिनची सुई देत आणि दोन-तीन दिवसांत ताप उतरे. आज त्या भरवशावर राहता येत नाही. पुवाचा नमुना घेऊन तो प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. दोन दिवसांनी जो कागद परत येतो त्यावर औषधांच्या नावांची एक उभी यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर असते. ‘एस’ म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देतो, ‘आर’ म्हणजे दाद देत नाही. अलीकडे या यादीत ‘आर’ची गर्दी होऊ लागली आहे. हा कागद कसा तयार होतो, त्यावरील अक्षरांमागे कोणता इतिहास आहे आणि रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, गावात, शाळेत व औषधाच्या दुकानात जे घडते त्याचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे पाहणे या लेखाचा हेतू आहे. विषय वैद्यकाचा असला तरी त्यातील निम्मी कामे वैद्यकीय व्यवसायाबाहेरील माणसांनीच करावयाची आहेत. म्हणूनच तो येथे मांडला आहे.

द्राक्षांचा घोस

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे अलेक्झांडर ऑगस्टन नावाचे एक शल्यचिकित्सक होते. गळवातील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना १८८० च्या सुमारास त्यांना गोल आकाराच्या जंतूंचे पुंजके दिसले. ग्रीक भाषेतील द्राक्षघोसाच्या शब्दावरून त्यांनी १८८२ साली या जंतूंना ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले. आपण त्यांना पुंजगोलाणू म्हणतो. पुढे १८८४ मध्ये रोझेनबाख या जर्मन वैद्याने या जंतूंच्या वसाहतींच्या रंगांवरून त्यांचे भेद केले. सोनेरी पिवळ्या वसाहतीचा तो ‘ऑरियस’, म्हणजे सुवर्णवर्णी. नाव देखणे असले तरी या घराण्यातील सर्वांत उपद्रवी जंतू हाच होय.

हा जंतू कोठून तरी परदेशातून येतो असे समजू नये. सुदृढ माणसांपैकी सुमारे दहांतील तिघांच्या नाकात तो कसलाही त्रास न देता वास्तव्य करीत असतो. त्वचेला चीर पडली, भाजले, टाके पडले किंवा शिरेत सलाईनची नळी राहिली की त्याला आत शिरण्यास वाट मिळते. मग केसतूड, गळू, जखमेतील पू, नवजात अर्भकाच्या अंगावरील पुवाचे फोड येथपासून हाडांचा दाह, न्यूमोनिया, हृदयाच्या झडपांचा दाह आणि रक्तात विष भिनणे येथपर्यंत त्याची मजल जाते. यांपैकी शेवटचे विकार आजही जिवावर बेततात.

पेनिसिलिनचे वैभव व उतरण

पेनिसिलिनची कथा सर्वश्रुत आहे. तथापि १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ज्या काचेच्या बशीत बुरशी पडली, त्या बशीत वाढत असलेले जंतू हे पुंजगोलाणूच होते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. बुरशीभोवतीचे जंतू विरघळून गेलेले पाहून फ्लेमिंग यांना शोध लागला. ऑक्सफर्ड येथे १९४१ मध्ये एका पोलीस शिपायावर या औषधाचा प्रयोग झाला. त्याच्या चेहऱ्यावर व डोळ्यात पू झाला होता. औषधाने तो झपाट्याने सुधारू लागला. परंतु औषधाचा साठा इतका तुटपुंजा होता की, रुग्णाच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिन वेगळे काढून पुन्हा त्यालाच टोचावे लागले. अखेर साठा संपला आणि तो दगावला. औषध अपुरे पडल्यास जंतू पुन्हा उसळतात, हा धडा पहिल्याच रुग्णाने दिला असे म्हणता येईल.

त्यानंतर वर्षभरातच, १९४२ मध्ये, पेनिसिलिनला न जुमानणारे पुंजगोलाणू रुग्णांत आढळल्याची नोंद झाली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील मेरी बार्बर यांनी आपल्याकडील नमुन्यांचा चिकाटीने हिशेब ठेवला. १९४६ साली असे जंतू सुमारे १४ टक्के होते, आणि १९४८ पर्यंत ते निम्म्याहून अधिक झाले. केवळ दोन वर्षांतील हा फरक आहे. फ्लेमिंग यांना याची चाहूल आधीच लागलेली होती. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण दिले. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, अपुरे घेतो, त्यामुळे जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. ते त्याच्या पत्नीला बाधतात आणि तिच्यावर औषध चालत नाही. आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या गावी हे उदाहरण आज नावे बदलून सांगता येईल.

आपल्या राज्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. ज्या औषधासाठी परदेशाकडे डोळे लावून बसावे लागे ते देशात तयार होऊ लागले. त्या काळातील डॉक्टरांना याचे केवढे अप्रूप वाटले असेल याची आज कल्पना करणे कठीण आहे.

जंतू निर्ढावतो म्हणजे काय होते?

या ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मला आता ही गोळी लागू पडत नाही, शरीराला तिची सवय झाली,’ असे लोक म्हणतात. सवय शरीराला होत नसते. बदल होतो तो जंतूमध्ये, आणि तो जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. ज्याने आयुष्यात कधी प्रतिजैविक घेतले नाही अशा माणसालाही निर्ढावलेला जंतू बाधू शकतो.

अनुकूल परिस्थितीत पुंजगोलाणूची संख्या सुमारे अर्ध्या तासात दुप्पट होते. या गतीने एका जंतूचे दहा तासांत दहा लाखांहून अधिक जंतू होतात. इतक्या मोठ्या प्रजेत जनुकांची एखादी चूक होऊन औषधाला तोंड देऊ शकणारा जंतू निपजणे ही अगदी संभाव्य गोष्ट आहे. शिवाय हे जंतू आपली जनुके एकमेकांना देऊही शकतात. औषध नसते तेव्हा असा जंतू गर्दीत हरवून जातो. औषध आले की बाकीचे मरतात, त्याला मोकळे रान मिळते आणि पुढील सर्व प्रजा त्याची होते. शेतकऱ्यांना याचे स्पष्टीकरण फार द्यावे लागत नाही. तेच ते कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारल्यावर अळी मरेनाशी होते, हे त्यांनी कपाशीवर पाहिलेले आहे.

पेनिसिलिनच्या बाबतीत पुंजगोलाणूने जो मार्ग काढला तो सरळ होता. पेनिसिलिनचे तुकडे करणारे एक विकर तो तयार करू लागला. यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी त्या विकराला न फुटणारे औषध बनविले. ते मेथिसिलिन. १९६० च्या सुमारास ते वापरात आले. पॅट्रिशिया जेव्हन्स या संशोधिकेने लंडनमधील कॉलिंडेल येथील प्रयोगशाळेत पाच हजारांहून अधिक नमुने तपासले आणि त्यांपैकी तीन मेथिसिलिनला दाद देत नसल्याचे १९६१ च्या आरंभी जाहीर केले. ते तीनही एकाच रुग्णालयातील होते. येथे जंतूची युक्ती वेगळी होती. ही औषधे जंतूच्या भित्तिका बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटून काम करतात. या जंतूने ‘मेक-ए’ नावाच्या जनुकाच्या साह्याने ते प्रथिनच बदलून घेतले. कुलूप बदलले की एका किल्लीबरोबर जुडग्यातील सर्वच किल्ल्या निकामी होतात. त्याप्रमाणे पेनिसिलिनच्या कुळातील जवळजवळ सर्व औषधे एकदम निरुपयोगी ठरली. मेथिसिलिन आता कोठेही वापरात नाही, परंतु त्याचे नाव या जंतूला चिकटून राहिले आहे. वैद्यकीय व्यवहारात त्याला एमआरएसए म्हणतात.

ही युक्ती जंतूंना माणसाने शिकविली काय? याचे उत्तर अलीकडे मिळाले आहे आणि ते विचार करावयास लावणारे आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, युरोपातील हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या त्वचेवर एक बुरशी पेनिसिलिनसारखे द्रव्य तयार करते, आणि तेथे राहणाऱ्या पुंजगोलाणूंनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच या प्रकारचा प्रतिरोध कमावला होता. म्हणजे हे शस्त्र निसर्गात आधीपासून होते. माणसाने त्याला रुग्णालयात पसरण्यास वाव दिला.

मेथिसिलिनचा आधार गेल्यावर व्हॅन्कोमायसिन हे जुने औषध पुन्हा पुढे आले. ते शिरेतून द्यावे लागते आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते. १९९७ मध्ये जपानमधून त्यालाही अर्धवट जुमानणाऱ्या जंतूचे वृत्त आले. २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात तर पूर्ण प्रतिरोधक जंतू सापडला. त्याने हे जनुक दुसऱ्याच जातीच्या जंतूकडून घेतले होते. सुदैवाने असे जंतू अद्याप विरळ आहेत. लिनेझोलिड हे आणखी एक उपयुक्त औषध आहे. परंतु औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील उपचारांतही तेच वापरावे लागते. साध्या गळवावर ते उधळणारा मनुष्य नकळत क्षयरुग्णांच्या ताटातील घास काढून घेत असतो.

प्रयोगशाळेतील दोन दिवस

आता पुवाच्या त्या नमुन्याकडे वळू. ऊसतोडणीचे काम करणारा एक मजूर नजरेसमोर आणावा. कोयत्याने पायाला जखम होते. तो दुकानातून चार कॅप्सूल घेतो, ठणका कमी झाला की थांबतो. आठवड्याने पुन्हा सूज येते, पुन्हा दुसऱ्या रंगाच्या चार कॅप्सूल होतात. महिन्याभराने तो रुग्णालयात येतो तेव्हा जंतू हाडापर्यंत पोचलेले असतात. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर येणाऱ्या नमुन्यांमागे अशी कहाणी वारंवार असते, आणि नमुन्याबरोबरच्या अर्जावर ‘पूर्वी घेतलेली औषधे’ हा रकाना बहुधा कोरा असतो.

नमुना चांगला नसेल तर पुढचे सर्व शास्त्र वाया जाते. जखमेच्या पृष्ठभागावरील घाण काडीवर घेतली तर त्यात त्वचेवरील निरुपद्रवी जंतूच अधिक वाढतात. म्हणून जखम निर्जंतुक सलाईनने धुऊन खोलवरचा पू, शक्य तर पिचकारीने ओढून, घ्यावा लागतो. तो औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी घेतला पाहिजे आणि शक्यतो दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. वाळलेली काडी दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पाठविण्यात काहीही अर्थ नसतो.

प्रथम पुवाचा एक थर काचपट्टीवर पसरून ग्रॅमच्या पद्धतीने रंगवितात. जांभळ्या रंगाचे गोल पुंजके दिसले की संशय बळावतो. त्याच वेळी नमुना रक्तमिश्रित आगरच्या बशीवर ओढून उबवण पेटीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहती उगवलेल्या असतात. त्या खऱ्या ऑरियसच्या आहेत की त्याच्या सौम्य भाईबंदांच्या, हे ठरविण्यासाठी त्या सशाच्या रक्तद्रवात घालतात. द्रव थिजला तर जंतू ऑरियस होय. ही परीक्षा स्वस्त आहे, जुनी आहे आणि आजही विश्वासार्ह आहे. ती न करताच ‘पुंजगोलाणू आढळले’ असे लिहून मोकळे होणाऱ्या प्रयोगशाळा रुग्णाचे व डॉक्टरचे दोघांचेही नुकसान करतात.

यानंतर औषधांची परीक्षा सुरू होते. सिएटल येथील बाउअर, कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या परीक्षेचे जे प्रमाणीकरण केले तेच आजवर चालत आले आहे. जंतूंचे पाणी ठरावीक गढूळपणाचे करून ते विशिष्ट आगरच्या बशीवर सर्वत्र एकसारखे लावतात आणि त्यावर औषध मुरविलेल्या कागदी चकत्या ठेवतात. रात्रभरात बशीवर जंतूंची साय धरते. ज्या चकतीचे औषध लागू पडते तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ राहते. वर्तुळाचा व्यास पट्टीने मोजतात. मेथिसिलिनऐवजी आता सेफॉक्सिटिनची ३० मायक्रोग्रॅमची चकती ठेवतात, कारण तिच्याभोवतीचे वर्तुळ अधिक स्पष्ट वाचता येते. हा व्यास २२ मिलिमीटर वा अधिक असेल तर ‘एस’, २१ वा त्याहून कमी असेल तर ‘आर’. एका मिलिमीटरवर रुग्णाचा उपचार बदलतो. म्हणून पेटीचे तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ न देणे, आगरची जाडी सारखी राखणे, चकत्या शीतपेटीत ठेवणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींना मोल आहे. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी हे किती अवघड असते ते तेथील तंत्रज्ञच जाणतात.

या परीक्षेत एक फसवी जागा आहे. काही जंतू क्लिंडामायसिनला वरकरणी दाद देतात, पण एरिथ्रोमायसिनचा सहवास मिळताच त्यांचा सुप्त प्रतिरोध जागा होतो. दोन्ही चकत्या जवळजवळ ठेवल्या तर क्लिंडामायसिनचे वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसते. तसे दिसल्यास अहवालात ‘आर’ लिहिले पाहिजे. तसेच व्हॅन्कोमायसिनसाठी चकतीवर विसंबता येत नाही. किती सौम्य द्रावणाने जंतूची वाढ थांबते हे वेगळे मोजावे लागते. ज्या अहवालात चकतीच्या आधारावर व्हॅन्कोमायसिनपुढे ‘एस’ लिहिलेला असतो तो अहवाल डोळे मिटून मानू नये.

आपल्या देशातील चित्र

भारतातील १५ मोठ्या रुग्णालयांच्या जाळ्याने २००८ व २००९ या दोन वर्षांत ऑरियसचे २६,३१० नमुने तपासले. त्यांत मेथिसिलिन-प्रतिरोधकांचे प्रमाण पहिल्या वर्षी ४२ टक्के व दुसऱ्या वर्षी ४० टक्के आढळले. व्हॅन्कोमायसिन व लिनेझोलिड यांना प्रतिरोध आढळला नाही. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतील आहेत. तेथे मुळातच गुंतागुंतीचे, आधी औषधे घेऊन आलेले रुग्ण असतात. त्यावरून खेड्यातील प्रत्येक दहा गळवांपैकी चार एमआरएसएची असतात असा अर्थ काढणे चूक ठरेल. जगाच्या पातळीवर पाहता, २०१९ या एका वर्षात केवळ एमआरएसएच्या प्रतिरोधामुळे एक लाखाहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

केंद्र शासनाने औषध नियमावलीत ‘एच-१’ ही नवी अनुसूची घातली आणि ती १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तिच्यातील प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. शिवाय दुकानदाराने डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व परिमाण यांची स्वतंत्र वही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. कायदा चांगला आहे. परंतु ती वही उघडून पाहणारे डोळे कमी आहेत, हे कबूल करणे भाग आहे. २०१६ पासून प्रतिजैविकांच्या पाकिटावर लाल उभी रेघ ओळखण्याची मोहीम सुरू झाली. ग्रामसभेत औषधांचा विषय निघतो तेव्हा ती लाल रेघ प्रत्यक्ष पाकीट दाखवून समजावून देणे पंचायत सदस्यांना सहज जमण्यासारखे आहे. एखाद्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

‘गोळ्यांचा कोर्स पुरा करा,’ असे आपण आजवर सांगत आलो. यात आता थोडी सुधारणा करावी लागेल. स्वतःच्या मनाने थांबणे चूकच आहे. परंतु विनाकारण लांबविलेला उपचारही नाकातील व त्वचेवरील जंतूंना निर्ढावण्याची संधी देतो. कालावधी किती हे रोगावर अवलंबून असते आणि तो डॉक्टरांनीच ठरवावा. साध्या गळवाच्या बाबतीत तर मुख्य उपचार पू बाहेर काढणे हाच आहे. पुवाच्या पिशवीत औषध नीट पोचतच नाही. लहान गळू चिरून, स्वच्छ करून, पट्टी बांधल्यावर अनेकदा गोळीचीही गरज उरत नाही. सर्दी व विषाणूंच्या तापावर तर या औषधांचा काहीच उपयोग नाही.

आश्रमशाळा व वसतिगृहे यांत एका मुलाला गळू झाले की पाठोपाठ चार-पाच मुलांना होतात, हे शिक्षकांनी पाहिले असेल. सामाईक टॉवेल, एकच वस्तरा आणि चिकटून घातलेल्या सतरंज्या ही त्याची वाट होय. पू वाहणारी जखम झाकणे, टॉवेल वेगळा देणे आणि साबणाने हात धुण्याची सोय नळापाशी ठेवणे, एवढ्यानेच ही साखळी बहुतेक वेळा तुटते. दुभत्या जनावरांच्या कासदाहाचे एक प्रमुख कारणही हाच जंतू असतो. सडात औषध सोडल्यावर ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंतचे दूध डेअरीला घालू नये, हा नियम दूध संस्थांनी कागदावर ठेवू नये.

उलट दिशेचा प्रवास

वाढलेला प्रतिरोध खाली येत नाही, अशी निराशेची भाषा कानी पडते. इंग्लंडचा अनुभव वेगळा आहे. तेथे २००१ पासून प्रत्येक रुग्णालयाला रक्तातील एमआरएसएची नोंद करणे सक्तीचे झाले. २००३-०४ मध्ये सुमारे ७,७०० रुग्ण नोंदले गेले. ही संख्या २००८ पर्यंत निम्मी करावी असे उद्दिष्ट शासनाने २००४ मध्ये घातले आणि २००८-०९ मध्ये ती तीन हजारांच्या आत आली. कोणतेही नवे औषध त्यासाठी लागले नाही. हात धुणे, शिरेतील नळ्यांची निगा, दाखल होणाऱ्या रुग्णांची तपासणी आणि प्रत्येक रुग्णालयाचा आकडा जाहीर करणे, असे हे उपाय होते. माझ्या मते यांतील शेवटच्या उपायाने इतर तिन्हींना धार आणली.

आपल्या जिल्हा रुग्णालयांना त्या दिशेने पहिले पाऊल टाकावयाचे असेल तर ते महागडे नाही. वर्षभरातील अहवाल एकत्र करून कोणत्या जंतूला कोणते औषध किती टक्के लागू पडते याचा एक तक्ता करावा. एका रुग्णाचा पहिलाच नमुना धरावा, नाहीतर दीर्घकाळ पडून असलेला एकच रुग्ण सर्व टक्केवारी बिघडवितो. एखाद्या जंतूचे ३० पेक्षा कमी नमुने मिळाले तर दोन वर्षांचे मिळून मोजावे. शल्यविभाग, बाळंतिणींचा विभाग व बाह्यरुग्ण विभाग यांचे आकडे वेगळे दाखवावेत. हा एका पानाचा तक्ता तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांना व खाजगी डॉक्टरांनाही पाठवावा, म्हणजे कोयत्याची जखम घेऊन येणाऱ्या पुढच्या मजुराला पहिली गोळी कोणती द्यावी, हे अहवाल येण्याआधीच्या दोन दिवसांतही अंदाजाने ठरवावे लागणार नाही.